वेळ आमच्या सोयीची द्या, पातळी तुमचीच ठेवा

मा. कुलगुरू, अधिष्ठाता, अभ्यासमंडळांचे आणि प्रवेश समित्यांचे सदस्य यांस,

सादर नमस्कार.

नोकरी आणि संसार सांभाळून, उतारवयाकडे झुकताना लिबरल स्टडीजमध्ये, म्हणजे इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य असे अनेक विषय एकत्र घेऊन, एम.ए. करणाऱ्यांपैकी मी एक आहे. हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. ज्यांच्याकडे असा अभ्यासक्रम चालू आहे त्यांना, ज्यांच्याकडे त्याचा प्रस्ताव फायलीत पडून आहे त्यांना, आणि ‘पन्नाशीच्या माणसांना आता एम.ए. कशाला?’ असं बैठकीत विचारणाऱ्यांनाही. मागणं एकच आहे. आमच्यासाठी वेळापत्रक बदला, नियम बदला, फी भरायची पद्धत बदला. अभ्यासाची पातळी मात्र खाली आणू नका. बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं चालतं. वेळापत्रक आणि नियम पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या मापाचे तसेच राहतात, आणि आमची कीव येऊन अभ्यास तेवढा हलका केला जातो.

आधी ‘कशाला?’चं बघू, कारण तो प्रश्न नेहमी पहिला येतो. सिरिल हूल या शिक्षणतज्ज्ञाने १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२ प्रौढ विद्यार्थ्यांच्या सविस्तर मुलाखती आहेत. त्याला तीन तऱ्हेची माणसं दिसली. काही ठरावीक गोष्ट पदरात पाडून घ्यायला आलेली, चार माणसांत वावरायला मिळतं म्हणून आलेली, आणि शिकल्याशिवाय चैनच पडत नाही म्हणून आलेली. या तऱ्हा एकमेकींत मिसळलेल्या असतात, हेही त्याने नोंदवलं. आमच्या वर्गात ते डोळ्यांनी दिसतं. बढतीला पदव्युत्तर पदवी लागते म्हणून आलेली शिक्षिका दुसऱ्या सत्रात नीतिशास्त्रात अशी रमते की बढतीचं नाव काढत नाही. निवृत्तीनंतर घर खायला उठतं म्हणून आलेले गृहस्थ वर्गातले सगळ्यात कडक वाचक निघतात. तेव्हा अर्जातल्या कारणावरून माणूस जोखू नका.

एकाच कामात वीस-पंचवीस वर्षं गेली की माणसाकडे प्रश्न साठत जातात. ज्या कायद्याची आपण अंमलबजावणी करतो तो न्याय्य आहे का? आपण बसवलेल्या यंत्रांनी कामगाराचं काय केलं? मरणाच्या दारात असलेल्याला खरं सांगावं का? यातला एकही प्रश्न एका विषयाच्या चौकटीत मावत नाही. त्याला इतिहासही लागतो, तत्त्वज्ञानही, थोडं अर्थशास्त्र, आणि कधीकधी एखादी कादंबरी. म्हणून आम्ही एका विषयाची एम.ए. सोडून या पदवीकडे येतो. ज्याला हे प्रश्न पडलेत त्याला उत्तराची घाई नसते. पण प्रश्नाला कोणी गोड बोलून वाटेला लावलं, तर ते त्याला लगेच कळतं.

ही पदवी मुळात अशाच लोकांसाठी निघाली. अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठाने १९५३ मध्ये पदव्युत्तर लिबरल स्टडीज सुरू केलं, जॉन्स हॉपकिन्सने १९६२ मध्ये, सेंट जॉन्स कॉलेजने १९६७ मध्ये सांता फे इथे, डार्टमथने १९७० मध्ये. १९७५ पर्यंत असे अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थांची संघटनाही उभी राहिली. नावं थोडी वेगवेगळी, साचा बराचसा सारखा: नऊ-दहा कोर्स, संध्याकाळचे किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीतले वर्ग, विभागांच्या भिंती ओलांडून विषय निवडायची मुभा आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी प्रबंध.

पण माझ्या मते या पदवीची खरी पूर्वज याहून जुनी आहे, आणि तिच्याकडे तुम्ही निरखून बघावं असं मला मनापासून वाटतं. १९०३ साली इंग्लंडमध्ये अल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी कामगारांच्या उच्च शिक्षणासाठी एक संघटना काढली. ती पुढे वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन म्हणून ओळखली गेली. तिने ऑक्सफर्डला सोबत घेऊन १९०८ च्या जानेवारीत दोन वर्ग उभे केले, एक लाँगटनला आणि एक रॉचडेलला. शिकवायला आर. एच. टॉनी, पुढे आर्थिक इतिहासकार म्हणून नावाजलेले, तेव्हा वय २७. लाँगटन हे चिनीमातीच्या भांड्यांच्या कारखान्यांचं गाव, रॉचडेल कापडगिरण्यांचं. एक वर्ग शुक्रवारी संध्याकाळी भरायचा, दुसरा शनिवारी दुपारी, अर्ध्या दिवसाचं काम संपल्यावर.

आता अटी बघा. वर्गात यायचं तर तीन वर्षं यायचं. आठवड्याला दोन तास: तासभर व्याख्यान, तासभर चर्चा. आणि दर पंधरवड्याला एक निबंध. दिवसभर मागापाशी नाहीतर भट्टीपाशी उभं राहिलेल्या माणसाकडून दर पंधरा दिवसांनी आर्थिक इतिहासावर निबंध मागायचा, हे आजच्या एखाद्या समितीला निर्दयपणाचं वाटेल. टॉनींना तसं वाटलं नाही. माणसं आली, टिकली, लिहीत राहिली. वर्गाची वेळ कामाच्या पाळीवरून ठरली आणि निबंधाची अपेक्षा विद्यापीठाच्या मापाने ठरली. या दोन गोष्टींची तिथे कोणी गल्लत केली नाही.

पुढे १९१२ मध्ये टॉनींनी सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या शेतीप्रश्नावर ग्रंथ लिहिला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी या वर्गांतल्या विणकरांचं, कुंभारांचं, खाणकामगारांचं ऋण मानलं आहे: पुस्तकांतून सहज हाती न लागणारं बरंच काही या लोकांच्या स्नेहाच्या फटकाऱ्यांनी आपल्याला शिकवलं, अशा अर्थाचं. प्रस्तावनेत आभार मानायची रीत असते हे खरं, पण मला हे रीतीपुरतं वाटत नाही. ज्या वर्गात निबंध खरोखर तपासले जातात, त्याच वर्गातला विद्यार्थी शिक्षकाला अडवण्याइतका तयार होतो. आणि शिक्षकाच्या हातून चांगला ग्रंथ व्हायचा, तर त्याला अडवणारं कोणीतरी लागतंच.

हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं झालं. आमच्या वर्गातलं एक सांगते. एका सेमिनारला थुसिडिडीस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने लिहिलेलं अथेन्सच्या साथीचं वर्णन वाचायला होतं. इसवी सनापूर्वी ४३० साली आलेली ही साथ. लेखक स्वतः त्यात आजारी पडून वाचलेला. सुरुवातीलाच तो लिहितो की वैद्य सगळ्यात जास्त मेले, कारण आजाऱ्यांजवळ सगळ्यात जास्त तेच जात होते. आमच्या वर्गात अतिदक्षता विभागात काम करणारी एक परिचारिका आहे. तिने पुस्तक मिटलं आणि साथीच्या काळात स्वतःच्या वॉर्डात काय झालं ते सांगायला लागली. बराच वेळ बोलली. मधे कोणी बोललं नाही. तिचं संपल्यावर प्राध्यापक थोडा वेळ थांबले, आणि मग त्यांनी विचारलं, “तुम्ही सांगितलंत ते धैर्याबद्दल होतं. थुसिडिडीस इथे धैर्याबद्दल बोलतोय का? कुठल्या ओळीत?”

वर्ग चुळबुळला. एकाने तर विषय बदलायचा प्रयत्नही केला. तिने मात्र पुस्तक परत उघडलं, दोन-तीन पानं पुढे गेली आणि बोट ठेवलं. ज्यांना चांगुलपणाची चाड होती ते जिवाची पर्वा न करता, लाजेखातर मित्रांच्या घरी जात राहिले आणि मेले, असं तिथे आहे. म्हणजे वैद्यांच्या वाक्यात धैर्याचा उल्लेख नाही, तिथे फक्त संसर्गाचं कारण आहे. धैर्याची गोष्ट त्याने मित्रांसाठी राखून ठेवली आहे. ती म्हणाली, “वैद्याने जायचं हे त्याने धरूनच चाललंय. कामच आहे ना त्याचं.” पुढचा सगळा तास वर्ग त्याच एका गोष्टीवर भांडत होता: कामाचा भाग म्हणून जे करावं लागतं, त्याला धैर्य म्हणायचं की नाही? तिचा त्या सत्राचा पेपर यावरच झाला, आणि त्या सत्रात मी वाचलेला तो सगळ्यात चांगला पेपर होता.

प्राध्यापकांनी तो प्रश्न गिळला असता तर तिला सगळ्यांची सहानुभूती मिळाली असती आणि आम्ही जड मनाने घरी गेलो असतो. अनुभव आमच्याकडे आहे, तो घेऊनच आम्ही येतो. तुमच्याकडे यायचं ते त्या अनुभवाला उलटतपासणी मिळावी म्हणून. ती घरी मिळत नाही आणि कचेरीत तर नाहीच नाही.

उलट प्रकारही मी पाहिला आहे. एका संस्थेत (नाव घेत नाही, कारण हा एकट्या तिचा दोष नाही) पूर्ण पुस्तकाच्या जागी उतारे आले, उताऱ्यांच्या जागी सारांशाच्या स्लाइड्स आल्या. टर्म पेपरऐवजी ‘माझा शिकण्याचा प्रवास’ लिहून द्यायचा. गुण सगळ्यांना जवळपास सारखे. माझ्या पेपरवर शेरा होता, ‘छान, मनापासून लिहिलं आहे.’ मुद्दा पटला की नाही, पुरावा पुरला का, प्रतिपक्षाचं म्हणणं मी नीट मांडलं होतं का, याबद्दल अक्षर नाही. आमची कुवत कमी आहे असं त्या संस्थेत कोणी तोंडाने म्हटलं नाही. शेऱ्याने ते म्हटलं. पैसे भरून, रजा जुळवून, घरच्यांचा वेळ मागून घेऊन आलेल्या माणसाला याहून वाईट वागणूक दुसरी नाही.

वयाबरोबर डोकं चालेनासं होतं, ही समजूत तुमच्यातल्या काहींच्या मनात असते. बोलून दाखवत नाहीत, पण नियमांतून ती दिसते. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२८ सालीच प्रौढांच्या शिकण्यावर ग्रंथ लिहून दाखवलं होतं की विशीनंतर शिकण्याची क्षमता घसरते ती अगदी सावकाश, आणि चाळिशी-पंचेचाळिशीतला माणूस शिकू शकत नाही या म्हणण्याला काही आधार नाही. रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न या मानसशास्त्रज्ञांनी पुढे बुद्धीचे दोन भाग वेगळे करून पाहिले. अनोळखी कोडं झटपट सोडवण्याची क्षमता तरुणपणानंतर उतरते; साठवलेलं ज्ञान, शब्दसंपदा, त्यांच्या आधाराने केलेला विचार मात्र पुढेही बरीच वर्षं वाढतो किंवा टिकतो. लिबरल स्टडीजला यातलं काय जास्त लागतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. तीन तासांत पाच प्रश्न लिहायची परीक्षा मुख्यतः वेग मोजते. आमचा वेग कमी झाला आहे हे खरं आहे, आणि त्यावर गुण कापून कोणाचंच भलं होत नाही. त्याऐवजी पंधरा-वीस पानांचा पेपर मागा, त्याचा पहिला खर्डा परत पाठवा, दुसरा मागवा, आणि मग समोर बसवून तोंडी परीक्षा घ्या. हे तीन तासांच्या परीक्षेपेक्षा जड आहे. तेच आम्हाला हवं आहे. परीक्षा सोपी करणं आणि परीक्षेतून घड्याळ काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी करताना पहिली आपोआप झाली पाहिजे असं मुळीच नाही.

प्रवेशाबद्दल. पदवीला पंचवीस वर्षं झालेल्या माणसाकडून तुम्ही ‘दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं’ मागता. त्यातले काही प्राध्यापक आज हयात नाहीत, जे आहेत त्यांना शंभर जणांच्या वर्गातला तो चेहरा आठवणं शक्य नाही. मग अर्जदार साहेबाकडून पत्र आणतो, आणि साहेब लिहितो की हा वेळेवर येतो. याचा तुम्हाला काय उपयोग? तेच गुणपत्रिकेचं. विसाव्या वर्षी अर्थशास्त्रात कमी गुण पडले होते, यावरून आजचा वाचक कळत नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी आले, तेव्हा पदवीच्या प्रवेशाला कुठल्याही आधीच्या परीक्षेची अट नव्हती. टीका पुष्कळ झाली. पण आत सोडताना अट काढली म्हणून बाहेर पडतानाची मोजपट्टी कोणी लहान केली नाही. बाहेरचे परीक्षक तिथेही होतेच. पदव्युत्तर प्रवेश सगळ्यांना खुला करा असं मी म्हणत नाही. मी म्हणते की अर्जदाराला एक कठीण लेख द्या, आठवड्याची मुदत द्या, त्यावर चार-पाच पानं लिहायला सांगा, आणि मग अर्धा तास त्याच्याशी त्यावर बोला. ज्याला घ्यायचा त्याला घ्या, ज्याला नाही त्याला स्पष्ट नाही म्हणा. आम्हाला नकार सोसतो.

आणि आत घेतलंत की पहिल्याच सत्रात लिहायला शिकवा. वीस वर्षं आम्ही टिपणं, अहवाल आणि ईमेल लिहिलेत. संदर्भ कसा द्यायचा, दुसऱ्याचं म्हणणं कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं, प्रश्न इतका लहान कसा करायचा की वीस पानांत त्याला हात घालता येईल, हे कोणीतरी पेपर समोर ठेवून दाखवावं लागतं. पुष्कळ चांगली माणसं इथेच गळतात. ‘त्यांना वेळ नव्हता’ अशी नोंद होते आणि ती खरी नसते.

वेळेबद्दल जास्त लिहीत नाही, कारण त्यात समजायला अवघड काही नाही. लंडनचं बर्कबेक कॉलेज १८२३ मध्ये कारागिरांची संस्था म्हणून सुरू झालं, आणि संध्याकाळी शिकवणं हीच त्याची ओळख आहे. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये जे जमलं ते आता जमायला हरकत नसावी. पण वर्ग संध्याकाळी ठेवून बाकीचं विद्यापीठ पाचला बंद केलंत, तर उपयोग नाही. ग्रंथालय, फीची खिडकी, मार्गदर्शकाच्या भेटीची वेळ, सगळं कामाच्या वेळेत. एका सहीसाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागते, आणि ती रजा आम्ही पेपर लिहायला वाचवलेली असते. आई आजारी पडली म्हणून एक सत्र सुटलं तर नाव कमी होता कामा नये. असा खंड मागायला एक साधा अर्ज पुरावा, आणि त्या काळात ग्रंथालयाचं कार्ड चालू राहावं. हे कार्डाचं मी मुद्दाम लिहिते आहे. फी भरलेली नाही म्हणून ऑनलाइन नियतकालिकं बंद झाली की प्रबंध जागच्या जागी थांबतो, आणि एकदा थांबलेला प्रबंध आमच्या वयात पुन्हा उभा राहणं फार कठीण.

पैशाचंही असंच. बहुतेक शिष्यवृत्त्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना असतात. अर्धवेळ शिकणारा कमावता आहे म्हणजे त्याला गरज नाही, असं धरलं जातं. त्याच्या पगारावर किती जण आहेत हे कोणी विचारत नाही. १९९५ मध्ये न्यू यॉर्कमध्ये अर्ल शॉरिस यांनी गरीब प्रौढांसाठी मानव्यविद्यांचा एक कोर्स सुरू केला. क्लेमेंते कोर्स म्हणून तो पुढे अनेक ठिकाणी पसरला. तो पदव्युत्तर नाही, पण त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे. फी नाही, पुस्तकं फुकट, येण्याजाण्याचा खर्च संस्थेचा, मुलांना सांभाळायची सोय. आणि वर्गात काय? प्लेटो, तर्कशास्त्र, कविता, कलेचा इतिहास, प्रश्नोत्तरांतून शिकवलेलं, महाविद्यालयाच्या पातळीचं. गरिबांना सोपं द्यावं असा विचार करणारे तेव्हाही होते. शॉरिस यांनी येण्याजाण्याचं भाडं दिलं आणि प्लेटो पूर्ण दिला.

आता अभ्यासक्रमाच्या आतलं. ‘आंतरविद्याशाखीय’ म्हणजे दहा विभागांच्या यादीतून कुठलेही दहा कोर्स, असं झालं की पदवीला कणा राहत नाही. एका सत्रात चित्रपट, दुसऱ्यात पर्यावरण, तिसऱ्यात मध्ययुगीन व्यापार, आणि हे तिन्ही एकमेकांशी कुठे बोलले ते विद्यार्थ्याने एकट्याने शोधायचं. निदान पहिला आणि शेवटचा सेमिनार सगळ्यांना एकच असावा आणि तो दोन वेगळ्या विभागांच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून शिकवावा. दोन शिक्षक वर्गासमोर एकमेकांशी असहमत होतात, तेव्हा विषयांमधलं अंतर काय असतं ते पहिल्यांदा कळतं. इतिहासकार पुरावा कशाला म्हणतो आणि तत्त्वज्ञ कशाला, हे दहा पुस्तकं वाचून मला उमगलं नव्हतं. ते दोघं एका टेबलावर भांडले तेव्हा उमगलं.

आणि आम्हाला आमच्या सोयीच्या कोपऱ्यात बसू देऊ नका. सेंट जॉन्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात गणित आणि निसर्गविज्ञान असा एक स्वतंत्र भाग आहे. त्यात युक्लिड वाचतात आणि फळ्याशी जाऊन प्रमेयं सिद्ध करतात. हे मला फार योग्य वाटतं. आमच्याकडे एका वर्गात हाच प्रयोग झाला. वर्षानुवर्षं कविता शिकवणाऱ्या एका बाईंना समद्विभुज त्रिकोणाच्या पायाचे कोन समान असतात हे सिद्ध करायचं होतं, पहिल्या खंडातलं पाचवं विधान. त्या मधेच थांबल्या, कारण जे सिद्ध करायचं तेच त्या गृहीत धरून चालल्या होत्या, आणि ते त्यांचं त्यांनाच दिसलं. खडू हातात धरून त्या म्हणाल्या, “मी निबंधांत हेच करत आले आहे.” त्यानंतर त्यांनी ती सिद्धता पूर्ण केली, दोन्ही बाजू खाली वाढवून, युक्लिडने केली तशी. असा क्षण निवडीच्या कोर्सांतून येत नाही, कारण आपण होऊन त्या बाईंनी भूमिती निवडली नसती. अभियंत्यांनाही कविता वाचायला लावा, आणि ‘मला कवितेतलं कळत नाही’ हे उत्तर घेऊ नका.

शिक्षकांबद्दल थोडं स्पष्ट लिहावं लागेल. संध्याकाळचे वर्ग बहुधा तासिका तत्त्वावरच्या लोकांना दिले जातात. त्यांतले कितीतरी उत्तम असतात, आमच्यासाठी जीव तोडतात. पण सत्र संपलं की ते विद्यापीठात नसतात, आणि प्रबंधाला मार्गदर्शक लागतो तो दोन वर्षांसाठी. कायम प्राध्यापकाने हा वर्ग घेतला तर तो त्याच्या ठरलेल्या कामाच्या तासांत धरला जावा. तसं नसेल तर तो उपकार म्हणून येतो. उपकार म्हणून आलेल्या माणसाकडे दुसरा खर्डा तपासून मागायची आम्हाला चोरी होते.

माहितीपत्रकात खरं लिहा. ही पदवी कुठल्याही व्यवसायाचा परवाना देत नाही. प्राध्यापकी करायची तर अनेक ठिकाणी एका विषयाची पदवी मागतात, हेही लिहा. ‘नेतृत्वगुण’, ‘करिअरला नवी दिशा’ असले शब्द घालून तुम्ही ज्याला आत आणता तो दुसऱ्या सत्रात निघून जातो, आणि जो राहिला असता तो ते पत्रक वाचून आलेलाच नसतो. त्याऐवजी पहिल्या सत्राची वाचनाची यादी छापा, आठवड्याला किती पानं वाचावी लागतील ते छापा, मागच्या वर्षीच्या प्रबंधांची शीर्षकं छापा. ज्याला यायचं आहे तो ती यादी बघून येईल.

ते प्रबंध पुढे कुठे जातात हेही एकदा तपासून बघा. इतर विभागांचे प्रबंध ग्रंथालयाच्या सूचीत असतात, शोधले तर सापडतात. आमचे पुष्कळदा विभागाच्या कपाटात राहतात. एखाद्या परिचारिकेने कर्तव्य आणि धैर्य यांवर लिहिलं असेल, एखाद्या न्यायालयीन कारकुनाने तारखांच्या इतिहासावर, तर ते वैद्यकाच्या आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडणारं आहे. सूचीत घालण्यासारखं ते नसेल, तर त्याला पदवी दिलीच कशी, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायला हवा.

वर लिहिलेल्या काही गोष्टींना पैसा आणि मनुष्यबळ लागेल, आणि त्याला वेळ लागणार हे मी समजू शकते. पण शिफारसपत्रांची अट काढणं, खंड घेतलेल्या विद्यार्थ्याचं ग्रंथालयाचं कार्ड चालू ठेवणं, प्रबंध सूचीत घालणं, आणि वाचनाची यादी आधी छापणं याला अभ्यासमंडळाचा आणि प्रशासनाचा एकेक ठराव पुरतो. हे ठराव येत्या प्रवेशफेरीच्या आधी व्हावेत आणि तुमच्या माहितीपत्रकात छापून यावेत, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक प्रौढ विद्यार्थिनी